विंडो हलवणे आणि विंडो पुन्हा रेखाटणे : मॅकिंटॉश व अमिगा

१९८४चा अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आणि १९८५चा कमोडोरचा अमिगा १००० या संगणकांची तुलना अनेकदा प्रोसेसरच्या वेगावरून केली जाते. दोन्हींत मोटोरोलाचा ६८०००च होता. मॅकिंटॉशमध्ये तो सुमारे ७.८ मेगाहर्ट्‌झवर चाले, तर अमेरिकी अमिगात सुमारे ७.२ मेगाहर्ट्‌झवर. केवळ या आकड्यांवरून विंडो किती चपळ हलतात हे ठरत नाही, कारण त्यात दोन निराळी कामे असतात आणि आपण ती एकच समजतो : विंडोतले चित्र उचलून दुसरीकडे ठेवणे आणि मागे उघडी पडलेली जागा भरून काढणे.

पहिले काम म्हणजे निव्वळ बाइटांची ने-आण. मॅकिंटॉशचा कृष्णधवल पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा, म्हणजे २१,८८८ बाइटांचा. अमिगाचा ६४० गुणिले २०० ठिपक्यांचा चाररंगी पडदा ३२,००० बाइटांचा. मॅकिंटॉशमध्ये ही सगळी हमाली प्रोसेसरच्याच डोक्यावर होती. अमिगात मात्र ती करायला ब्लिटर नावाचे वेगळे सर्किट होते. माऊसने विंडो ओढताना दोन्हीकडे नुसती चौकटीची रेघ फिरते आणि बटण सोडल्यावर चित्र जागा बदलते, त्यामुळे फरक त्या क्षणीच दिसतो. विंडो आडवी तीनच ठिपके सरकली, तर १६ बिटांचा प्रत्येक शब्द (एका वेळी हाताळला जाणारा बिटांचा गट) तीन बिटांनी सरकवून शेजारच्या शब्दाशी जुळवावा लागतो. ६८००० ला जितके बिट सरकवायचे तितका वेळ जास्त लागतो. ब्लिटर ते सरकवणे नकलेबरोबरच उरकतो. या कामात अमिगा निःसंशय सरस होता.

दुसरे काम केवळ वेगाचे नाही, स्मृतीचेही आहे. अमिगात प्रोग्रामने तशी निवड केली असेल, तर विंडोचा झाकला गेलेला भाग स्मृतीत जपून ठेवला जाई आणि उघडा पडताच जसाच्या तसा परत येई. सुरुवातीच्या मॅकिंटॉशला १२८ किलोबाइटांत ही चैन परवडणारी नव्हती; तिथे ती विंडो ज्या प्रोग्रामची, त्याला तो भाग नव्याने रेखाटायला सांगितले जाई. तरीही ते सुसह्य झाले, याचे श्रेय मी अ‍ॅपलचे प्रोग्रामर बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या क्विकड्रॉ या मॅकिंटॉशच्या चित्र रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरला देतो, कारण कितीही वेड्यावाकड्या आकाराचा तुकडा उघडा पडला तरी नेमके तेवढेच ठिपके बदलण्याची सोय त्यात होती.

अक्षरांचे गणित आणखी वेगळे आहे. प्रत्येक लहानशा अक्षरासाठी ब्लिटरची जुळवाजुळव नव्याने करावी लागते आणि त्यातच त्याचा फायदा आटतो. मजकूर भराभर उमटावा म्हणून अमिगाच्या वर्कबेंच १.३ या विंडो-प्रणालीबरोबर फास्टफाँट्स हा वेगळा प्रोग्राम द्यावा लागला होता.