सोमवारी सकाळी दुखणारे पोट

लालबागमधल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी बसले, तर एक तक्रार हमखास कानावर पडते. आठ-नऊ वर्षांचे मूल, बेंबीभोवती दुखणारे पोट. ताप नाही, जुलाब नाही, वजन वयाप्रमाणे. डॉक्टर पोट चाचपतात, ते मऊ लागते. जंताचे औषध देऊन झालेले असते, सोनोग्राफीतही काही सापडलेले नसते. आई दबक्या आवाजात सांगते, "काल दिवसभर खेळत होता हो."

पोरगे शाळा बुडवायला नाटक करते आहे, असा निष्कर्ष घरचे काढून मोकळे होतात. तो बहुधा चुकीचा असतो. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक हजार शाळकरी मुलांच्या पाहणीत सुमारे दहांतल्या एका मुलाला अशी वारंवार पोटदुखी आढळली होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत शारीरिक कारण मिळाले नव्हते. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते आणि व्हेगस नावाच्या चेतेतून त्याची मेंदूशी अखंड देवाणघेवाण चालते. मूल धास्तावलेले असले की आतड्याची हालचाल बदलते, आणि एरवी लक्षातही न येणारा ताण कळ होऊन जाणवू लागतो. दुखणे खरेच असते.

मनाचा त्रास असा पोटातून, डोक्यातून बोलत असल्यामुळे तो आधी पोचतो बालरोगतज्ज्ञाकडेच. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. तरीही दवाखान्यातल्या फायलीत वजन, उंची, लसी यांच्या नोंदी असतात. झोप, भीती, मैत्री यांना रकाना नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत मायकेल जेलिनेक आणि सहकाऱ्यांनी पालकांनी भरायची ३५ प्रश्नांची सूची तयार केली. प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. सहा ते सोळा वर्षांच्या मुलाचे २८ किंवा अधिक गुण झाले, तर अधिक चौकशी हवी एवढेच ठरते. ते निदान नव्हे.

खरी अडचण त्यानंतरची आहे. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी देतात, घरी "आपल्या मुलाला काय वेड लागलंय?" असा प्रश्न येतो आणि चिठ्ठी फायलीतच राहते. पिट्सबर्ग परिसरातील आठ बालरोग दवाखान्यांत ३२१ मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच मोजले गेले. वर्तनाच्या तक्रारींसाठी त्याच दवाखान्यात समुपदेशन मिळालेल्या गटात ९९.४ टक्के मुलांचे उपचार सुरू झाले. बाहेर पाठवलेल्या गटात ५४.२ टक्के. उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तर ७६.६ विरुद्ध ११.६ टक्के होते. माझ्या मते हा दुसरा आकडाच अधिक बोलका आहे, कारण पहिल्या भेटीला पालक भिडेखातरही जातात.

मुंबईत समुपदेशकाला बसवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. एका खोलीच्या दवाखान्यात पडद्याआडचे सगळे बाकावर ऐकू येते. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ पासून बालरोगतज्ज्ञांना फोनवरून बालमानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला मिळतो; त्याला जागा लागत नाही. आपल्याकडे १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, पण तो प्रामुख्याने रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी असून बालरोगतज्ज्ञांसाठी अशी वेगळी सोय झाली तर ती गल्लीबोळातल्या दवाखान्यांनाही परवडेल. शिवाय दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस असते. एरवी आजारी पडल्याशिवाय न फिरकणारी मुले तेव्हा आपसूक समोर येतात; सूची भरून घ्यायला ती चांगली वेळ.

लालबागच्या त्या मुलाला डॉक्टरांनी विचारावे, "शाळेत डबा कोणाबरोबर खातोस?" उत्तर द्यायला आई तोंड उघडते, तेव्हा सूचीचा कागद आणि पेन देऊन तिला बाहेर कंपाउंडरच्या टेबलाशी बसवावे. मूल थोडा वेळ पायांकडे बघत राहते.