गल्लीतली खबरबात (नाशिक)

गल्लीतली खबरबात : नाशिक शहरात एका वाड्यात, गल्लीत, सोसायटीत किंवा कॉलनीत राहणारी माणसे एकमेकांना रोज देतात-घेतात ती माहिती, इशारे, चौकशा आणि तक्रारी. नळाला पाणी कधी येणार, धरणातून किती सोडले, कोण दवाखान्यात ॲडमिट आहे, कोणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, बिबट्या कुठे दिसला, कोणता रस्ता पुन्हा खोदला, हे तिचे नेहमीचे विषय. रिकामटेकड्यांच्या चकाट्या म्हणून ती उडवून लावली जाते, पण ते बरोबर नाही. नाशिकमध्ये तिच्यावर दुकानातला माल, भाड्याचे घर आणि प्रसंगी माणसाचा जीव अवलंबून असतो.

पावसाळ्यात ही खबरबात सर्वांत नेमकी असते. गोदावरी शहराच्या मधून वाहते, गंगापूर धरण वरच्या अंगाला आहे आणि धरण भरत आले की विसर्ग सुरू होतो. किती क्युसेक सोडले, होळकर पुलाखालून किती जात आहे, हे आकडे प्रशासन जाहीर करते. जुन्या नाशकात आणि पंचवटीत मात्र आकड्यापेक्षा दुतोंड्या मारुती लवकर समजतो. रामकुंडाजवळची ही दोन तोंडांची उंच मूर्ती म्हणजे नदीकाठची मोजपट्टीच. पाणी मारुतीच्या पायाला लागले तर घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, कमरेला लागले तर काठच्या दुकानांनी खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या, छातीपर्यंत आले तर सराफ बाजार आणि भांडी बाजाराने थांबायचे नाही. त्याही पलीकडची खूण नारोशंकराच्या देवळावरची घंटा. १७४७ साली बांधलेल्या या देवळाची घंटा चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेनंतर आणलेली. तिला पाणी लागले म्हणजे मोठा पूर, हे नाशिककरांना वेगळे सांगावे लागत नाही.

‘कुठपर्यंत आलंय?’ एवढाच प्रश्न फोनवर विचारला जातो आणि ‘कमरेला’ एवढेच उत्तर येते. समोरच्याला सगळे कळते. मारुती तोच, म्हणून खूण तीच. बोलणारा घाबरट असो की बेफिकीर, बातमी बदलत नाही. अधिकृत इशाऱ्यातला क्युसेकचा आकडा ऐकून आपल्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही हे सामान्य माणसाला ठरवता येत नाही, मारुतीवरून ठरवता येते. धरणातून सोडलेले पाणी रामकुंडापर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो तेवढाच वेळ हाताशी असतो, आणि त्या वेळात गल्ली जागी करण्याचे काम ही खबरबात करते.

अशा संध्याकाळी भांडी बाजारात खालच्या फळीवरची पातेली, घंगाळी, कळशा हातोहात वर चढतात. ज्यांचे दुकान चढावर आहे ते आपल्या माळ्यावर शेजाऱ्याचा माल ठेवून घेतात. एरवी गिऱ्हाइकावरून दोघांचे पटत नसले तरी. वाड्यातल्या तळमजल्यावरची बिऱ्हाडे आधी गॅसची टाकी, धान्याचे डबे, मुलांची दप्तरे आणि कागदपत्रांची पिशवी वर नेतात, मग फ्रिजचा विचार करतात. वरच्या मजल्यावरच्या काकू न सांगता कुकरमध्ये चार वाट्या तांदूळ जास्त टाकतात. म्हातारे माणूस असेल तर त्याला उचलून न्यायला कोणाची दोन मुले घरी आहेत हे गल्लीला आधीच ठाऊक असते. ही माहिती कुठल्याही आपत्ती आराखड्यात मिळणार नाही.

१९६९ चा महापूर जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून येतो. त्यानंतर सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे पूर लोकांच्या मनावर कोरले गेले. नव्या पुराची तुलना याच तारखांशी होते. पण प्रत्येक पाणी गंगेचे, म्हणजे नाशिककरांच्या बोलण्यातल्या गोदावरीचे, नसते. जुन्या शहराखालून सरस्वती नाला वाहतो. धरणातून थेंबही सोडलेला नसताना तासाभराच्या जोरदार पावसाने दहीपूल आणि सराफ बाजारात गुडघाभर पाणी चढते. बाहेरगावच्या माणसाला दोन्ही पूर सारखेच वाटतात. तिथल्या दुकानदाराला फरक माहीत असतो : नाल्याचे पाणी पाऊस थांबला की उतरते, गंगेचे पाणी वरून येणे थांबेपर्यंत उतरत नाही. नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी यांच्या काठच्या वस्त्यांचेही असेच आपापले हिशेब आहेत.

पावसाळ्याची दुसरी चिंता वाड्यांची. रविवार पेठ, सोमवार पेठ, तिवंधा, भद्रकाली या भागांत माती-लाकडाचे जुने वाडे उभे आहेत. जून लागण्याआधी महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात. नोटीस दाराला चिकटली की गल्लीत एकच चर्चा : बाहेर पडलो तर परत येता येईल का? भाडेकरूला हक्क जाण्याची भीती, मालकाला दुरुस्तीचा खर्च न परवडणारा, आणि मध्ये कोर्टातली तारीख. रात्री भिंतीची माती सुटल्याचा आवाज येतो तो शेजाऱ्याला. तोच उठवतो, तोच अग्निशमन दलाला फोन करतो. गोदाकाठच्या काझीगढीवर दर पावसाळ्यात मातीचा कडा ढासळतो. तिथल्या रहिवाशांची खबरबात तर जवळजवळ सगळीच या कड्याभोवती फिरते. या लोकांना ‘हट्टी’ म्हणणे अन्यायाचे आहे. जायला दुसरी जागा नसणे हे त्यांचे खरे कारण असते आणि गल्लीत ते सगळ्यांना माहीत असते.

रोजची खबरबात याहून शांत, पण तितकीच कामाची. तिचे ठिकाण बदलत गेले आहे. पूर्वी वाड्याचा ओटा, सार्वजनिक नळ आणि चौकातला पार होता. वर्तमानपत्र एकाकडे यायचे आणि चार घरे फिरायचे. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ या नाशिकच्या दैनिकांतली निधनवार्ता आधी वाचली जायची, मग पहिले पान. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी वाचलेले संध्याकाळी पारावर सांगितले जायचे. आज ओट्याची जागा बऱ्याच अंशी घंटागाडीने घेतली आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन सगळा जिना एकाच वेळी खाली उतरतो, आणि गाडी पुढच्या बिल्डिंगकडे सरकेपर्यंतच्या पाच मिनिटांत कोणाच्या मुलीचे जमले, कोणाचे ऑपरेशन झाले, कोणाकडे मोटर लावून पाणी ओढले जाते, हे सगळे होऊन जाते. गाडी दोन दिवस आली नाही तर कचऱ्याबरोबर बातम्याही साचतात.

पाणी हा बारमाही विषय. शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांतून पाणी मिळते. जलवाहिनीच्या किंवा पंपिंगच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा असला की तो पुष्कळदा शनिवारी असतो, आणि ‘शनिवारी पाणी नाही, रविवारी सकाळी कमी दाबाने’ हा निरोप शुक्रवारी रात्री जिन्याजिन्यातून फिरतो. कॉलनीतली एखादी एकटी राहणारी आजी मोबाईल बघत नसेल तर तिच्या दाराची बेल कोणीतरी वाजवते. धरण भरलेले असताना नळ कोरडा का, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तसाच आहे, आणि तो विचारणाऱ्यांचा राग खरा आहे.

सिडको म्हणजे नवीन नाशिक. तिथल्या गल्ल्यांत खबरबातीचा पल्ला लांब जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आलेली माणसे सिडकोच्या सहा गृहयोजनांतल्या घरांत राहिली. त्यांत खानदेशातले आणि कसमादे पट्ट्यातले, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडचे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे पवननगरच्या किंवा उत्तमनगरच्या गल्लीत सकाळी लासलगावचा कांद्याचा भाव, गावाकडची गारपीट आणि कंपनीतला ‘ब्रेक’ (कंत्राटी कामगाराला मध्येच घरी बसवणे) एकाच दमात बोलले जातात. कोणत्या कंपनीने कंत्राटी पोरांना घरी बसवले, कुठे भरती आहे, हे सेकंड शिफ्टहून परतणारा माणूस घेऊन येतो. आयटीआय झालेल्या कितीतरी मुलांना पहिली नोकरी याच वाटेने कळते. बोलणे बऱ्याचदा अहिराणीत चालते.

नाशिकरोड, देवळाली कॅम्प, विहितगाव या बाजूला उसाची शेती आणि नदीकाठची झाडी घरांना लागून आहे. तिथला खास विषय बिबट्या. कुत्री सारखी भुंकू लागली की गॅलरीतून टॉर्च मारला जातो, पोरांना आत घेतले जाते, रात्रपाळीहून येणाऱ्याला फोन जातो. जानेवारी २०१९ मध्ये थेट गंगापूर रोडकडच्या सावरकरनगरच्या बंगल्यांत बिबट्या शिरला आणि काही जण जखमी झाले, तेव्हापासून गंगापूर रोडवरही ही बातमी हसण्यावारी नेली जात नाही. इथे खबरबातीने सावध करावे, गर्दी जमवू नये. वन विभागाला १९२६ वर कळवणे आणि रस्ता मोकळा ठेवणे एवढेच शेजाऱ्यांच्या हातात असते. घेरलेला बिबट्या अधिक धोकादायक होतो.

भीतीची बातमी न तपासता पुढे गेली तर काय होते हे याच नाशिक विभागाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. पोलिसांनी त्यांना वाचवले. ओळखीच्या माणसाने पाठवले म्हणून खरे मानले, ही सवय गल्लीत सर्वांत घातक ठरते. पुराच्या खबरीला मारुतीचा पुरावा असतो, पोरे पळवणाऱ्यांच्या खबरीला कोणताच नसतो. पाठवणाऱ्याने स्वतः पाहिले का, कुठे, केव्हा, एवढे विचारणारा एक जरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असला तरी अफवा तिथेच अडते.

मृत्यूची बातमी देण्याची रीत मात्र जुनीच आहे आणि ती जपण्यासारखी आहे. ‘राहत्या घरून सकाळी दहा वाजता, अमरधाम’ एवढा निरोप पुरतो. शेजारच्या घरातून चहा जातो, त्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठले-भात जातो, दशक्रिया रामकुंडावर किती वाजता हे विचारून लोक कामाच्या वेळा बदलतात. भांडणामुळे बोलणे बंद असलेली घरेही या निरोपातून वगळली जात नाहीत.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा आला की खबरबातीचे विषय बदलतात : कोणता रस्ता बंद, बॅरिकेड कुठून, दूधवाला आत येईल का, पाहुण्यांना कुठे उतरवायचे. पंचवटीतल्या जुन्या रहिवाशांना २७ ऑगस्ट २००३ ची सरदार चौकाजवळची चेंगराचेंगरी विसरता येत नाही. ३९ भाविक गेले. त्यामुळे गर्दीच्या वाटेची बातमी ते गंभीरपणेच घेतात. २०२५ च्या अखेरीस तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या निवासासाठी, झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या बोलण्यातून ती बातमी घराघरांत गेली आणि विरोधाला माणसे उभी राहिली.

तक्रार कोणाकडे न्यायची, हे या खबरबातीचे शेवटचे टोक. नाशिक महापालिका १९८२ मध्ये झाली आणि तिची सहा विभागीय कार्यालये आहेत : पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड. पथदीप बंद, ड्रेनेज तुंबले, टवाळखोर पोरे कोपऱ्यावर बसतात, सोनसाखळी ओढली, रात्री गाड्यांच्या काचा फोडल्या, यातले पोलिसांचे वगळता बाकी सगळे आधी नगरसेवकाच्या दारी जायचे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकीय राजवट लांबत गेली, तेव्हा ते दार नावापुरते राहिले. माजी नगरसेवकांना फोन जातच राहिले, पण कॉलन्यांनी दुसरी वाटही शोधली. महापालिकेच्या ॲपवर तक्रार करायची, मिळालेला क्रमांक आणि खड्ड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि त्याच खड्ड्यासाठी आणखी पाच-सहा घरांनी तक्रार करायची. ज्या गल्लीत निवृत्त शिक्षक किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या बाई हा पाठपुरावा तारीखवार वहीत लिहून ठेवतात, तिथले दिवे लवकर लागतात.