पडदा की हेडसेट? व्हीलचेअरच्या सरावातला खरा फरक मानेचा

बॅटरीवर चालणारी पॉवर व्हीलचेअर चालवण्याचा सराव सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी खुर्चीवर करता येतो: समोरच्या पडद्यावर, किंवा डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये. ‘हेडसेट म्हणजे तोच सिम्युलेटर, फक्त चित्र मोठं’ हा गैरसमज पॉवर व्हीलचेअर घेणाऱ्या घरांतून जाता जात नाही. नावंही गोंधळात टाकतात: मॅकगिल विद्यापीठाच्या सिम्युलेटरच्या नावात ‘इमर्सिव्ह’ (चहूबाजूंनी वेढणारा) आहे, पण तो साध्या पडद्यावरही वापरला गेलाय.

पडद्याचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. संगणक, जॉयस्टिक, समोर रस्ता. तो स्वस्त आहे, आणि सुरुवात त्यावरच करावी.

आता मान. पडद्यावरची नजर खुर्चीला बांधलेली असते. खुर्ची वळली तरच चित्र वळतं. हेडसेटमध्ये मान डावीकडे गेली तरी खुर्ची सरळच चालते. माजघराच्या दारातून मागे येताना खांद्यावरून बघणं, फूटरेस्ट चौकटीला घासतोय का ते वाकून पाहणं, या सवयी म्हणूनच हेडसेटमध्ये लागतात. रिअर-व्हील (मागच्या चाकांना मोटर असलेली) खुर्ची मागच्या चाकांभोवती वळते आणि पाय बाहेरून फिरतात. मिड-व्हील (मधल्या चाकांना मोटर असलेली) जवळपास बसणाऱ्याच्या खालीच वळते, पण तिची मागची बाजूही फिरते. सॉफ्टवेअरमध्ये आपल्याच खुर्चीचा प्रकार निवडा.

घोळ होतो तो ‘रिसेंटर’ करताना, म्हणजे ‘पुढे’ कुठे ते हेडसेटला बटण दाबून नव्याने सांगताना. मान जरा वळलेली असताना बटण दाबलं, तर आभासी खुर्चीचं ‘पुढे’ वाकडं बसतं. जॉयस्टिक सरळ ढकलली तरी खुर्ची तिरकी जाते आणि बोल शिकणाऱ्याला लागतो. आधी नाक, गुडघे आणि जॉयस्टिक एका दिशेला आणा, मगच रिसेंटर करा.

मळमळही हेडसेटमध्येच जास्त: डोळ्यांना चाललोय वाटतं, कानातलं तोलाचं इंद्रिय बसलोय सांगतं. पहिल्या दिवशी ५ मिनिटं पुरेत. घाम फुटला की काढा. ‘सवय होईल’ म्हणून रेटणं चूक आहे. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या दमट हवेत काचा धुरकटतात, कोरडं मऊ फडकं जवळ ठेवा.

गेमचा कंट्रोलर तर कुणालाच देऊ नका. खरी जॉयस्टिक सोडल्यावर खुर्ची वेग कमी करत थांबते, मग ब्रेक लागतो. गेममध्ये जागच्या जागी थांबायची सवय लागली, की खऱ्या खुर्चीत हात उशिरा सुटतो आणि पाय भिंतीवर आपटतात.

चढ-उतार मात्र दोन्हींत शिकू नये. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. खळ्यातून पडवीत टाकलेली फळी सहसा याहून खडी असते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, चाक घसरतं, अंग पुढे झुकतं. स्थिर खुर्चीत यातलं काहीच जाणवत नाही. तो सराव खऱ्या रॅम्पवर, कोरड्या दिवशी, पट्टा बांधून, उतरताना सगळ्यात कमी वेगावर आणि सोबत माणूस ठेवूनच करा.