भाषणस्वातंत्र्य अमेरिकेच्या घटनेत पहिल्यापासून होतं?

एक मेसेज फिरत असतो की अमेरिकेची घटना लिहिली तेव्हाच तिच्यात भाषणस्वातंत्र्य होतं. असं वाटणं साहजिकच, आज सगळं एकत्रच छापलेलं असतं ना. पण १७८७ चा मूळ मजकूर काढून वाचा, नुसती ७ कलमं, हक्कांची यादी नाहीच, आणि मजबूत केंद्र सरकार नको म्हणणारे नेते यावरूनही अडून बसले, घटनेच्या मंजुरीसाठी राज्याराज्यात मतदान झालं तेव्हा व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये तर ३० विरुद्ध २७, इतक्या काठावर मंजुरी मिळाली. मग १७८९ मध्ये नव्या संसदेने १२ दुरुस्त्या सुचवल्या, त्यातल्या १० मंजूर व्हायला डिसेंबर १७९१ उजाडला, भाषणस्वातंत्र्य त्यातल्या पहिल्या दुरुस्तीत. म्हणजे मतदानात हरलेल्यांचाच हा रेटा, निदान मला तरी तसं वाटतं.