नऊ एकांचा वर्ग

१११११११११ या संख्येला तिनेच गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतात. सतरा अंकी संख्या. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थाननामांत तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी पडतो, म्हणजे त्या यादीतल्या शेवटच्या परार्धाच्या एकच घर अलीकडे.

गुणाकार शाळेतल्यासारखा कागदावर मांडून पाहाच. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला लागलं की उजव्या टोकाला एकच एक असतो, शेजारी दोन, मग तीन, अगदी मध्ये नऊ आणि तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून हा डौल टिकतो. दहा एकांचा वर्ग केलात तर मध्ये दहा होतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला ८ नाहीसा!

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. कल्पना सुचली ती तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकात, आणि नावही त्यावरूनच पडलं. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' म्हणणारेही तेच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग दिला तर बाकी शून्य. तेव्हा ती हर्षदही आहे.

आता तिच्या पोटात शिरू. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या याचा वर्ग, म्हणून हे सगळे मूळ अवयव दुप्पट वेळा येतात: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. एरवी विभाजक जोडीने येतात, पण वर्गसंख्येत वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून विभाजकांची ही संख्या विषम.

मला इथे एक फरक फार मोलाचा वाटतो. दोन्हीकडून सारखं वाचता येणं आणि हर्षद असणं हे गुण आपण दहाच्या पायात, म्हणजे प्रत्येक घर शेजारच्या दसपट धरून, लिहितो म्हणून दिसतात. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायात हीच संख्या २ ने सुरू होते आणि १ ने संपते. उलटसुलट सारखेपणा गेलाच. पण तिचे मूळ अवयव, ४५ विभाजक आणि वर्ग असणं कुठल्याही लिपीत, कुठल्याही पायात बदलत नाही. तसंच तिचं न्यून असणंही, म्हणजे बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरणं: स्वतःला सोडून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज केली, तर ती मूळ संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते.