मोदकावर खापर, कारभार वारेचा

गणपती झाल्यावर गुहागरला मामेबहिणीकडे गेलो होतो. तिला सातवा महिना. आरोग्य केंद्रात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं, दोन तासांनी रक्त घेतलं. साखर १५२. याची मर्यादा १४०, ती गाठली की गरोदरपणातला मधुमेह. "मोदक खाल्लेन ना, मग दुसरं काय होणार!" सासूबाईंनी निकाल देऊन टाकला.

मोदक अगदी निर्दोष नाहीत, पण मुख्य आरोपी आहे वार. बाळंतपणानंतर पुरून टाकतात ती. जेमतेम अर्ध्या किलोचा हा अवयव आईच्या रक्तात संप्रेरकं सोडतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या महिन्यापासून आईचे स्नायू इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत घालणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासे होतात. हा बिघाड नाही, डाव आहे. आईने स्वतःचं चरबीवर भागवावं आणि साखर बाळासाठी शिल्लक ठेवावी. तिचं स्वादुपिंड मग दुपटीच्या आसपास इन्सुलिन काढून तोल सांभाळतं. जिला ते झेपत नाही, तिची साखर चढते.

पुढचा भाग मला फार आवडतो. भरती आली की खाडीचं पाणी आपसूक चढतं, पंप लागत नाही. वारेतून साखर तशीच जाते, जास्तीकडून कमीकडे. 'ग्लूट-१' नावाची वाहक प्रथिनं तिला नुसती वाट करून देतात. आईचं इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. म्हणजे साखर आईची, पण ती जिरवायची बाळाने. बाळाचं स्वादुपिंड जोमाने इन्सुलिन काढतं, आणि पोटातल्या बाळात इन्सुलिन म्हणजे वाढीचं खत. बाळ चरबी धरतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा क्षणात बंद होतो, इन्सुलिन मात्र अंगात तसंच असतं. त्यामुळे बाळाची साखर धाडकन उतरते. अशा बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त तपासतात, पहिल्या तासातच अंगावर पाजायला सांगतात, ते यासाठी. ग्रहणात सुरी धरू नये म्हणून बाईला दिवसभर कोंडून ठेवणाऱ्या घरात ही सुई मात्र 'उगाच छळ' ठरते!

बाळ लहान म्हणजे धोका नाही, असंही नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन. पण आपल्या बाळांत कमी होता तो स्नायू, चरबी बऱ्यापैकी टिकून होती. आणि ज्या आयांच्या रक्तात फोलेट (गरोदरपणातल्या फॉलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व) जास्त पण बी-१२ जीवनसत्त्व कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. बी-१२ बांगड्यात आहे, तिसऱ्या शिंपल्यांत तर भरपूर. डब्यातल्या महागड्या 'गर्भपोषक' पावडरींआधी बाजारातली टोपली बघावी. शाकाहारी घरांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

बहिणीला पेजेचा वाडगा लहान करायला आणि जेवणानंतर चालायला सांगितलंय. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १२० च्या खाली आली नाही, तर औषध. वार पडली की साखर बहुतेक वेळा उतरते आणि सगळे निर्धास्त होतात. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पट असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तेच ग्लुकोजचं पाणी प्यायचं. बहिणीची बाळंतपणाची तारीख डिसेंबरातली आहे. सव्वा महिना झाला की बाळंतिणीची पहिली खेप केंद्रात, एवढं सासूबाईंकडून कबूल करून घेतलंय.