जाड काचेची जुनी बरणी उकळते पाणी सोसते का?

जुन्या बरण्यांची काच जाड असते, म्हणून त्यांत उकळते पाणी बिनधास्त ओतावे, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो चुकीचा आहे. काच उष्णता सावकाश वाहून नेते. त्यामुळे जाड बरणीची आतली बाजू तापून प्रसरण पावू लागते तेव्हा बाहेरची थंडच राहते, आणि त्या ताणाने बरणी बहुधा बुडाजवळ तडकते. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती टिकते. माळ्यावरून काढलेली बरणी कोमट पाण्याने धुवावी आणि काठावरून बोट न फिरवता, उजेडात तिरकी धरून टवके पाहावेत. कुबट वास बहुतेक वेळा काचेचा नसून झाकणातील रबरी कड्याचा असतो. कडे खुशाल बदलावे, पण तेवढ्यासाठी चांगली बरणी कृपया टाकू नये.